शेतीची डिग्री आणि आपली वरकस

(युवक शिबिरात केलेलं भाषण. बोलताना मध्ये आलेले दोन-तीन खुलासे जोडून छापत आहोत.)



उभा एकच जण आहे, पण कागद चौघांनी मिळून लिहिलाय, म्हणून 'आम्ही' असंच बोलतो. आम्ही चौघांनी बी.एस्सी. अ‍ॅग्री केलं. तिघं पोरगे, एक पोरगी. चौघंही आश्रमशाळेतले, आणि चौघांच्याही घरी जंगलप्लॉट. मागच्या बैठकीत एका काकांनी विचारलं होतं, "शेती शिकायला कॉलेजात कशाला जायचं? नांगर धरायला बापानं शिकवलं नाही का?" सगळे हसले होते. पण प्रश्न खरा आहे. यंदा दहावी-बारावीला बसलेली पोरं इथं समोर बसली आहेत, त्यांच्या आयाही आल्या आहेत. त्यांना काय सांगायचं, ह्याचा विचार करून आलो आहोत.

आधी हे शिक्षण काय आहे ते सांगतो. आपल्या राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत: राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. आपला भाग दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या हद्दीत येतो, पण प्रवेश चारींपैकी कुठंही मिळू शकतो. बारावी सायन्स लागतं. त्यानंतर चार वर्षं, म्हणजे आठ सहामाह्या. त्यांना सेमिस्टर म्हणतात. शिकवणं इंग्रजीत, पेपर इंग्रजीत. माती, पिकं, फळझाडं, किडी, रोग, बियाणं, जनावरं, पाणी, अवजारं, शेतीचा हिशेब, आणि शेतकऱ्याला समजावून कसं सांगायचं, एवढं सगळं त्यात असतं. ज्याला बारावी सायन्स जमणार नाही त्याच्यासाठी दहावीनंतर दोन वर्षांची मराठीतली कृषी पदविका आहे. तिला कमी समजू नका, पण आज बोलायचंय ते डिग्रीबद्दल.

प्रवेशाचा फारम भरायला बसलो तिथंच पहिली ठेच लागली. फारमाला सातबारा जोडायचा असतो. घरच्या नावावर सातबारा असेल तर गुणांमध्ये १२ टक्क्यांची भर मिळते. शेतकऱ्याच्या पोराला शेतीच्या कॉलेजात पुढं जागा मिळावी, हा हेतू चांगलाच आहे. पण खिडकीवरच्या माणसानं आमच्यातल्या एकाला विचारलं, "सातबारा कुठाय?" त्यानं आणलेला उतारा पुढं केला. त्यावर कब्जेदार कोण? महाराष्ट्र शासन, वनविभाग. खिडकीवरचा म्हणाला, "हा तुझा नाही, सरकारचा आहे." ज्या जमिनीवर आजोबांनी दगड वेचले, बापानं दंड भरला, आईनं नागली लावली, ती जमीन कसूनही पोरगा त्या खिडकीपुढं शेतकऱ्याचा पोरगा ठरला नाही. शहरात राहणारा, ज्याच्या बापानं कधी ढेकूळ फोडलं नाही, पण गावाकडं नावावर चार गुंठे आहेत, तो ठरला.

सातबारा म्हणजे दोन नमुने एकत्र, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाची, आणि बारा म्हणजे त्यात पीक काय. आपल्या प्लॉटवर सात आपल्या नावाचा नाही आणि बारामध्ये पीकही लागत नाही. म्हणजे कागदाच्या हिशेबानं ह्या डोंगरावर नागली उगवतच नाही, वरी उगवत नाही, खुरासणी उगवत नाही. उगवत नाही तर नुकसानभरपाई कसली, पीककर्ज कसलं? कॉलेजातली भर हे त्याच गोष्टीचं आणखी एक टोक.

आता वनहक्क कायदा आला. कायदा २००६ चा, नियम २००८ चे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेल्या जमिनीचा हक्क मिळतो, जास्तीत जास्त ४ हेक्टर, नवरा-बायको दोघांच्या नावे. विकता येत नाही, पण वारसाला जाते. हे सगळं तुम्हाला पाठ आहे. पण पट्टा मिळाला तरी सातबारावर वरचं नाव वनविभागाचंच राहतं, आपलं आलंच तर 'इतर हक्क' ह्या रकान्यात येतं. म्हणून आमचं संघटनेला सांगणं आहे: मोर्च्याच्या मागण्यांत ही एक ओळ घाला, की कृषी प्रवेशाला वनहक्काचं प्रमाणपत्र सातबाराच्या बरोबरीचं धरा. आणि ज्याचा दावा अजून उपविभागीय समितीकडं पडून आहे त्याच्या पोराचं काय, तेही विचारा. मागणी छोटी वाटेल. पण आपल्यातली चार पोरं जास्त आत गेली की काय होतं ते पुढं सांगतो.

दुसरी ठेच जातवैधतेची. आदिवासींना शिक्षणात ७ टक्के जागा आहेत, पण त्या जागेवर बसायला जातीचा दाखला पुरत नाही, त्याची पडताळणी लागते. पडताळणीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आजा शाळेत गेलाच नाही, तर शाळेचा दाखला आणायचा कुठून? तहसीलमध्ये जुनं कोतवाल बुक असतं, म्हणजे गाव नमुना चौदा, जन्म-मृत्यूची नोंद. त्यात आज्याचा जन्म किंवा पणज्याचं मरण जातीसकट लिहिलेलं सापडतं. कधी मोडीत असतं, वाचून घ्यावं लागतं. ती नक्कल काढायला बारावीच्या निकालाची वाट बघू नका, दहावीतच काढा. शिवाय आपलं घराणं ह्या गावात किती पिढ्यांचं ते त्यातून दिसतं, म्हणून वनहक्काच्या दाव्यालाही तो कागद उपयोगी पडतो. एक फेरी, दोन कामं.

पैशाचं थोडक्यात सांगतो. वसतिगृह आहे, शिष्यवृत्ती आहे. शिष्यवृत्ती हातात पडायला कधी कधी दुसरं वर्ष उजाडतं. तोवर मेसचं बिल कोण भरतो? आमच्या वेळी पाड्यानं वर्गणी काढली. ज्यांनी दिली ते इथं बसले आहेत.

कॉलेजातलं पहिलं वर्ष कठीण जातं, ते इंग्रजीमुळं. नागली आम्हाला रोपापासून भाकरीपर्यंत ठाऊक, पण पेपरात लिहायचं 'एल्युसिनी कोराकाना'. खुरासणीला 'ग्विझोशिया अबिसिनिका'. शहरातल्या मुलांना नाव तोंडपाठ, रोप समोर धरलं की ओळखता येत नाही. दुसऱ्या वर्षापासून पारडं फिरतं. विद्यार्थ्यांना पीक घ्यायला वाफे देतात, पेरणीपासून काढणीपर्यंत स्वतः करायचं. तेव्हा वाफ्याच्या कडेला उभं राहून आम्हाला विचारायला कोण कोण यायचं ते आठवतं. म्हणून इथल्या पोरांना सांगतो, पहिल्या दोन सेमिस्टरला नापास झालात तरी बिस्तरा बांधून परत येऊ नका. विषय पुन्हा देता येतो.

आता मुख्य गोष्ट. मृदाशास्त्राच्या तासाला जमिनीचे वर्ग शिकवतात. एकूण आठ वर्ग. ही पद्धत अमेरिकेच्या मृदसंधारण खात्यानं बसवली, तिथली माती धुपून-उडून गेल्यावर. पहिले चार वर्ग नांगराखाली घ्यायच्या लायकीचे, पुढचे चार नाहीत. ते चराई, जंगल, जंगली जनावरं ह्यांच्यासाठी. कशावरून ठरवायचं? चढ किती, माती किती खोल, दगड किती, धूप किती. आम्ही वहीत आपल्या वरकस जमिनीचं माप घालून बघितलं. सहावा वर्ग. काही ठिकाणी सातवा. म्हणजे ज्या जमिनीसाठी आपण इतकी वर्षं लाठ्या खातोय ती पुस्तकाच्या लेखी शेतीची जमीनच नाही. जंगलखात्याचे साहेबही हेच बोलतात, फक्त ते इंग्रजी शब्द वापरत नाहीत.

पुस्तक खोटं बोलत नाही. चढावरची माती धुपते हे आपल्या डोळ्यांसमोर आहे. आषाढात ओहोळाला लाल पाणी येतं ते आपल्याच प्लॉटचं असतं. पण पुस्तकात एक रकाना कमी आहे: ह्या चढावर हा माणूस आला कसा? खालची सपाट भातखाचरं सावकाराच्या आणि जमीनदाराच्या घशात गेली, तिथं आपल्या आजोबा-पणजोबांनी वेठ केली. १९४५ साली वारली उठला तो त्याच वेठीविरुद्ध. खाली जागा राहिली नाही म्हणून माणूस वर गेला. हा रकाना भरायचा तर आत आपलीच पोरं बसलेली पाहिजेत. दुसरा कुणी तो विचारणार नाही.

आणि त्याच पुस्तकात पुढं काय आहे ते वाचा. सहाव्या वर्गाच्या जमिनीवर काहीच करू नका असं तिथं लिहिलेलं नाही. समपातळीत बांध घाला, दगडी बांध रचा, गवत लावा, झाडं लावा, असं लिहिलंय. रोजगार हमी कायद्यात वनहक्कधारकाच्या जमिनीवर बांधबंदिस्ती आणि फळझाडाचं काम घेता येतं. म्हणजे 'ही जमीन शेतीलायक नाही' असं साहेब म्हणाला की त्याच्याच पुस्तकाचं पुढचं पान काढायचं आणि म्हणायचं, मग बांधाचं काम मंजूर करा. हे पान माहीत असणारा माणूस ग्रामसभेत असला की बोलण्याचा सूर बदलतो. दोन ग्रामसभांत आम्ही हे बघितलंय.

राबाचंही असंच. राब भाजणं म्हणजे जंगलाचा नाश, हे ऐकत आपण मोठे झालो. कॉलेजच्या ग्रंथालयात एक जुना अहवाल मिळाला, व्होएल्कर नावाच्या इंग्रज रसायनतज्ज्ञाचा, १८९३ सालचा. सरकारनं त्याला हिंदुस्थानची शेती कशी सुधारायची ते सांगायला आणलं होतं. तो गावोगाव हिंडला. राबाबद्दल त्यानं लिहिलंय, आणि तो शेतकऱ्याला अडाणी ठरवत नाही. लोक राब करतात त्याला कारण आहे, हे तो मान्य करतो. त्याच्या आधी १८८७ च्या मुंबई वन आयोगापुढं ठाणे-कुलाब्याच्या राबावर मोठा वाद झाला होता. म्हणजे हे भांडण सव्वाशे वर्षांचं आहे, आणि पहिल्या फेरीत आपल्या बाजूनं बोलणारे साहेबांतही होते. भाजल्यानं तणाचं बी मरतं, माती मोकळी होते, राखेतून पालाश मिळतं. शास्त्र एवढं साधं आहे.

पण म्हणून राब कायम ठेवा, असं आम्ही म्हणत नाही. ह्यावर आमच्या चौघांत भांडण आहे. आमच्यातल्या पोरीचं म्हणणं, राबाची टहाळी डोक्यावरून कोण आणतं? बाया आणतात. जंगल लांब गेलं तसा तो भार वाढला. तण मारायची दुसरी रीत असेल तर ती बाईच्या डोक्यावरचा भार उतरवते, तिचा विचार करावा. तिघा पोरग्यांना ह्यावर उत्तर देता आलं नाही.

विस्तार शिक्षणाच्या तासाला अजून एक गोष्ट सांगतात, ती अर्धी सांगतात. आपली कृषी विद्यापीठं अमेरिकेच्या नमुन्यावर उभी आहेत. राधाकृष्णन आयोगानं १९४९ ला ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली, १९६० ला पंतनगरला पहिलं कृषी विद्यापीठ उघडलं, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीनं. शिकवणं, संशोधन आणि शेतकऱ्यापर्यंत जाणं, तिन्ही एका छपराखाली, हा तो नमुना. चांगला आहे. तिकडं तो १८६२ च्या कायद्यातून आला. राष्ट्राध्यक्ष लिंकननं सही केली. प्रत्येक राज्याला त्याच्या केंद्रातल्या दर खासदारामागं ३०,००० एकर जमीन द्यायची, ती विकून कॉलेजचा फंड उभा करायचा. तासाला इथपर्यंत सांगतात. ती जमीन आली कुठून, हे सांगत नाहीत. तिथल्या मूळ रहिवाशांची होती ती. कुठं तह लादून, कुठं फौज घालून, कवडीच्या मोलानं काढून घेतलेली. त्याच १८६२ च्या डिसेंबरात, त्याच लिंकनच्या हुकमानं, मिनेसोटात डाकोटा जमातीच्या ३८ माणसांना एका दिवशी फाशी दिलं. ते त्यांच्या जमिनीसाठी आणि अडवून ठेवलेल्या धान्या-पैशासाठी उठले होते. पुढं १९९४ साली तिथल्या आदिवासींच्या २९ कॉलेजांना त्या यादीत घेतलं. जमीन नाही दिली, फंड दिला.

हे सांगायचं कारण असं, की शेतीचं मोठं विद्यापीठ आणि आदिवासीची गेलेली जमीन ह्यांचं नातं जुनं आहे. पण राहुरीच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ ला लिहिला, आणि त्यात गरिबांची चराऊ रानं घेणाऱ्या जंगलखात्याला धरून झोडपलंय. ते वाचून गेलात तर कॉलेजात मान खाली घालून बसायचं कारण उरत नाही.

शेवटच्या वर्षी एक सहामाही गावात राहायचं असतं, ग्रामीण कृषी कार्यानुभव. गावाचा नकाशा, शेतकऱ्यांची माहिती, मातीचे नमुने, बीजप्रक्रिया करून दाखवणं. आमच्या तुकडीला मिळालेलं गाव रस्त्याकडेचं, उसाचं, पाटपाण्याचं. काम शिकलो, पण मनात यायचं, हे सगळं आपल्या पाड्यावर का नको? पाडे दुर्गम म्हणून तिथं विद्यार्थी पाठवत नाहीत, असं उत्तर मिळालं. ग्रामसभेनं ठराव करून विद्यापीठाला पत्र द्यावं, की आमच्या गावात विद्यार्थी पाठवा, राहायची सोय आम्ही करतो. पत्राचा मसुदा आम्ही लिहून देतो.

मोजणी हा भाग आम्हाला सगळ्यात जास्त कामाला आला, म्हणून जरा सविस्तर. कृषी अभियांत्रिकीत साखळीनं, टेपनं जमीन मोजायला शिकवतात. जुनी साखळी ३३ फुटांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. अडीच एकराला थोडं कमी म्हणजे एक हेक्टर.

आता जीपीएस घेऊन मोजायला येतात, आणि लोक ओरडतात की आमची जमीन कमी भरली. दोन कारणं वेगळी ठेवा. पहिलं कारण चढाचं. मोजणी नेहमी सपाट धरून होते. आपल्या घराचं उतरतं छप्पर बघा. छपराला पेंढा किती लागतो आणि खाली सारवायची जागा किती, दोन्ही सारखी नाहीत; छप्पर जास्त भरतं. सरकारी माप खालच्या जागेचं असतं. तीस अंशांचा चढ असेल तर पायांनी फिरलेला एक एकर कागदावर साधारण साडेचौतीस गुंठे येतो. हे कुणी चोरलेलं नसतं. ह्यावर अपील केलं तर हरू.

दुसरं कारण मात्र भांडायचं आहे. हातातल्या छोट्या यंत्राची काही मीटरची चूक असते, झाडीखाली जास्त. दहा गुंठ्यांच्या प्लॉटची बाजू साधारण ३२ मीटर. एका बाजूला तीनच मीटर चुकलं तरी जवळजवळ एक गुंठा जातो. मोठ्या शेतकऱ्याला हे जाणवणार नाही, आपल्या छोट्या तुकड्यांना जाणवतं. आणि मोजणारा जर बांधावरून न फिरता कोपरे कापून चालला, तर विचारायलाच नको. म्हणून मोजणीच्या वेळी वनहक्क समितीचे लोक सोबत फिरले पाहिजेत, प्रत्येक कोपऱ्यावर यंत्र थांबलं पाहिजे, आणि नंतर टेपनं ताळा घेतला पाहिजे. हे सांगायला अभियंता लागत नाही. पण सांगणाऱ्याच्या हातात डिग्री असली की साहेब थांबून ऐकतो, हाही अनुभव आहे. बरोबर आहे असं नाही, पण तसं आहे.

डिग्रीनंतर काय, हे आया विचारतात. कृषी सहायकाची भरती असते, लोकसेवा आयोगाची कृषी सेवा असते, बँकेत शेती अधिकारी असतात, बियाणं-औषधाच्या कंपन्या असतात. आमच्यातला एक सरकारी नोकरीत आहे, एक कंपनीत फिरतीवर आहे, दोघं इथंच आहोत. नोकरीला गेलेल्याला 'गेला तो' असं म्हणू नका. घरची देणी त्याच्या पगारानं फिटली, आणि मोजणीच्या टेपचे पैसेही त्यानंच दिले. कंपनीतल्याचं मात्र आम्हाला पटत नाही. आपल्या नागलीला जे औषध लागतच नाही ते तो आपल्याच लोकांना विकणार का, हे त्याला तोंडावर विचारलंय. तो इथं बसलाय, चहाच्या वेळी तुम्हीही विचारा.

आता कामाचं. यंदा बारावी सायन्सला असलेल्यांनी आज संध्याकाळी नाव द्यायचं. कुणाचं कोतवाल बुक बाकी आहे, कुणाची पडताळणी, त्याची यादी करू. आठवी-नववीच्या पोरांच्या आयांनी शाळेत विचारायचं, की सायन्स आणि गणिताचा मास्तर आहे का. नसेल तर ते संघटनेला कळवा, अर्ज आपण करू.

मातीचे नमुने ज्यांना तपासायचे त्यांनी पीक काढल्यावर, खत टाकायच्या आधी आणायचे. प्लॉटमध्ये आठ-दहा जागी, वीतभर खोल, इंग्रजी 'व्ही'सारखा खड्डा करून त्याच्या कडेची माती घ्या. झाडाखालची नको, उकिरड्याजवळची नको, राब भाजलेल्या जागची तर अजिबात नको. सगळी एकत्र करून, चार भाग करत समोरासमोरचे दोन टाकत, अर्धा किलो ठेवा. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा, आत नाव आणि प्लॉटचा नंबर.

आणि ज्यांच्या पट्ट्यावरचं क्षेत्र कमी आलंय त्यांनी पट्ट्याची झेरॉक्स, नकाशा असेल तर तो, आणि टोकं धरायला दोन माणसं घेऊन यायचं. टेप तीस मीटरचा आमच्याकडं आहे. एका दिवसात चार प्लॉट होतात, त्याहून जास्त नाही. नंबर लावा.